मामांची लाकडी पायरी

आमच्या मामेसासऱ्यांइतका डॉक्टरांनी धसका घेतलेला निरोगी माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नसेल. स्वतः आयुष्यात कधी सुई टोचून घेतली नाही, पण दुसऱ्यांच्या गुडघ्यांची आणि कमरांची चौकशी ते अशी करतात, की आजाऱ्याला आपण उगाच बरे झालो असं वाटावं. जन्म गेला बस डेपोच्या वर्कशॉपात. गाडी वर्कशॉपातून बाहेर पडली म्हणजे दुरुस्त झाली, हे त्यांनी कधी मान्य केलं नाही. सप्तशृंगीचा घाट चढून ती परत आली, की मगच ते वहीत सही करायचे. निवृत्त झाल्यावर गाड्या सुटल्या आणि माणसं तावडीत सापडली.

लोक आजाऱ्याला भेटायला शहाळं घेऊन दवाखान्यात जातात. मामा जात नाहीत. ते सहा महिन्यांनी, सगळे विसरून गेल्यावर, घरी उगवतात, आणि त्यांच्या काखेत एक लाकडी पायरी असते. बसच्या पहिल्या पायरीची उंची मापून, स्वतः रंधा मारून केलेली. ती बैठकीच्या खोलीत मधोमध ठेवायची आणि म्हणायचं, "चढा." मग मांडी घालता येते का, रात्री झोप लागते का, त्याच दुखण्यासाठी परत किती वेळा दवाखान्यात जावं लागलं, अशी सरबत्ती. खर्चाचंही त्यांचं गणित वेगळं. दिंडोरीच्या एका बागायतदाराने ऑपरेशन किती स्वस्तात झालं याचं कौतुक सांगितलं, तेव्हा मामांनी त्याच्याकडून शांतपणे वदवून घेतलं, की टाके पिकल्यामुळे किती खेपा झाल्या, सुनेला किती दिवस कामावर जाता आलं नाही आणि द्राक्षाची छाटणी कशी हुकली. त्या गृहस्थाने नंतर चहासुद्धा विचारला नाही.

माझ्या दिरांच्या पाठीचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्याने अभिप्रायाचा फॉर्म दिला. खोली स्वच्छ होती का, चहा गरम होता का, कर्मचारी हसून बोलले का. मामांनी तो फॉर्म आडवा धरला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'हे लॉजचे प्रश्न आहेत. पाठीचं विचारा.' मोठ्या डॉक्टरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून एक्स-रे दाखवला. एक्स-रे उत्तम होता.

"एक्स-रे बसमधी चढत नाय, साहेब," मामा म्हणाले.

दीर पुढे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, जणू मामा माझ्या माहेरचे होते.

मग माझ्या आईचे गुडघे गेले. ती इंदिरानगरला आमच्याकडेच असते. मी एका झकपक दवाखान्यातलं पॅकेजसुद्धा ठरवून टाकलं होतं. मामांनी आईला विचारलं, "विहीणबाई, गुडघा बरा झाल्यावर करायचं काय?" मला रागच आला. पण आई जराशी लाजत म्हणाली, की तिला बसने एकटीने दिंडोरीला बहिणीकडे जायचंय. मावशी अंथरुणाला खिळलेली होती, आणि आईला तिच्याकडे न्यायला दर वेळी आमच्यापैकी कोणाला तरी सुट्टी घ्यावी लागायची. एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं.

मग महिनाभर मामा ती पायरी घेऊन नाशिकभर गुडघे तपासत हिंडले. माझ्या झकपक दवाखान्यातले बरेचसे पायरीशी अडले. एका साध्या, रंग उडालेल्या दवाखान्यातले मात्र भराभर चढले, कारण तिथल्या व्यायामाच्या बाई पेशंटला रोज जिन्यावर रडवायच्या. मी कडाकडा भांडले आणि हरले. आई तिथे गेली, रडली, त्या बाईंना तिने मनसोक्त शिव्या घातल्या. सहा महिन्यांनी मामा काखेत पायरी घेऊन हजर झाले, तेव्हा ती उठलीसुद्धा नाही. "लाकडावर कशाला? खरी गाडी दाखवा," म्हणाली.

स्टँडवर आईने कोणाचा हात घेतला नाही. दांडा धरला, एक पाय वर, मग दुसरा, आणि ती आत. मला रडू आवरेना. मी पेढ्यांचा पुडा मामांपुढे धरला. त्यांनी पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही. मामींना मी कधी पाहिलं नव्हतं, माझ्या लग्नाआधीच त्या गेल्या होत्या. मामा त्यांच्याविषयी बोलल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी बोलले.

"तुझ्या मामीच्या ऑपरेशनला मी दवाखान्यातच पेढे वाटले होते. यशस्वी झालं म्हणाले ना डॉक्टर. पुढं तीन वर्सं होती ती. तिला सुरगाण्याला जायचं होतं, माहेरी. गाडीत चढताच आलं नाय. आन् मी डेपोतला माणूस, मी पण तिला कधी विचारलं नाय."

बस सुटली. आईने खिडकीतून हात हलवला. मी "चला मामा" म्हटलं, तर ते बाकावर जाऊन बसले. "चढल्या, पण उतरायच्या हायेत अजून," म्हणाले. "फोन येऊ दे." मलाही त्यांना एकटं सोडवेना. दिंडोरीहून आईचा फोन येईपर्यंत आम्ही दोघं स्टँडवरच बसून राहिलो.