आधी पाठ बघणारे परुळेकरकाका

परुळेकरकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा खुर्चीत बसण्याआधी त्यांनी डायनिंग टेबलावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं, वाकून कान लावला आणि म्हणाले, "हे लाकूड नाही. दाबलेला भुसा आहे. वर सागाचा फोटो चिकटवलाय." शारजात येऊन आम्हाला महिना झाला होता आणि ते टेबल आम्ही मोठ्या हौसेनं घेतलं होतं. माझा नवरा कसंनुसं हसला. काकांनी चहा मात्र दोन कप घेतला आणि निघताना आमची समजूत काढली, "टेबल वाईट नाही हो. फक्त त्याला लाकूड म्हणू नका."

ते समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायचे. मूळचे मालवणचे. लाकूड आयात करणाऱ्या एका कंपनीत ते तपासनीस होते. बंदरात उतरलेला माल पाहायचा आणि तो ठेवायचा की परत पाठवायचा हे लिहून द्यायचं, एवढंच त्यांचं काम. माल पाठवणाऱ्यांची माणसं "हबीबी, थोडा अ‍ॅडजस्ट करो" म्हणत मागे लागायची. काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "मैं कर लूंगा. लकडी नहीं करेगी. खलास." तीस वर्षांत त्यांनी लाकडाबद्दल एकही खोटं वाक्य लिहिलं नव्हतं. हे मला त्यांच्या ऑफिसातल्या एकानं सांगितलं आणि सांगताना तो चांगलाच वैतागलेला होता.

असा हा माणूस युरोपातल्या जुन्या चर्चमधल्या लाकडी मूर्ती जमवत होता. चांगल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या. त्यांच्याकडे पाच होत्या आणि एकीलाही धड दोन हात नव्हते. पंख गेलेला देवदूत, नाक नसलेला बिशप, हातातल्या ओळखीच्या वस्तू हरवल्यामुळे नाव सांगता न येणारे दोन संत, आणि कडेवर बाळ घेतलेली मेरी. "मोडक्या आहेत म्हणून मला परवडल्या," ते म्हणायचे. काकू वारल्या होत्या, मुलगा टोरांटोला. हॉलमध्ये सोफा नव्हताच. पाच मूर्ती, दोन खुर्च्या आणि भिंतीवर हवेतला ओलावा मोजणारं घड्याळासारखं मीटर.

पाहुण्यांना ते मूर्ती समोरून दाखवत नसत. आधी पाठ. हलक्या हातानं मेरीला फिरवायचे, आणि तिची पाठ मानेपासून पायापर्यंत आतून कोरून काढलेली दिसायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणी चोरानंच पोखरली की काय. काका खूश झाले. "सगळ्यांना तसंच वाटतं. अगं, लाकूड आधी वरून सुकतं, आत ओलंच राहतं, मग फुटतं. त्या कारागिराला हे ठाऊक होतं. म्हणून त्यानं गाभाच काढून टाकला. भिंतीला टेकवायची मूर्ती, पाठ कोण बघणार? पण त्यानं ती किती नीट तासलीय बघ. माणसाची पारख तिथं होते." कामानिमित्त जर्मनीला गेले असताना एका खेड्यातल्या चर्चमध्ये त्यांनी अशी पाठ पाहिली होती, आणि तिथून हे वेड लागलं. देवाधर्माचं म्हणाल तर ते चतुर्थीचे मोदक आमच्याकडे येऊन खायचे, तेवढंच.

या वेडापायी ते उन्हाळ्यात गावी जात नसत. जुलै लागला की आमची इमारत ओस पडायची. सगळे एसी बंद करून, फ्रिज रिकामा करून भारतात. काका मात्र इथंच, एसी चोवीसवर ठेवून, मीटरकडे बघत बसलेले. बंद फ्लॅटमध्ये पन्नास डिग्रीची हवा भरली तर मूर्तींचा रंग पापुद्र्यासारखा सुटेल, हा त्यांचा घोर.

मग त्यांच्या निवृत्तीची तारीख आली. नोकरी संपली की व्हिसा संपतो. चार मूर्ती त्यांनी युरोपातल्या एका व्यापाऱ्याला परत दिल्या. मेरी देववेना, आणि मालवणच्या खाऱ्या हवेत न्यायलाही धीर होईना. तिच्या झग्यावर मूळचा निळा रंग शिल्लक होता, फार नाही, पण त्या कारागिराच्या वेळचाच. अबुधाबीतल्या एका संग्रहालयाला त्यांनी पत्र लिहिलं, मूर्ती फुकट घ्या पण नीट सांभाळा. तिथल्या एक जाणकार बाई मूर्ती पाहायला येणार असं ठरलं. काका लग्नाच्या मुलीच्या बापासारखे दिवस मोजू लागले.

त्या भेटीच्या दोन आठवडे आधी त्यांच्या भावाचं ऑपरेशन निघालं. दहा दिवस जाणं भाग होतं. किल्ली माझ्या हातात देताना ते म्हणाले, "अनघा, सकाळी दहा आणि दुपारी चार. मीटरचा आकडा कागदावर लिहायचा. तूच जा. आणि हात लावायचा नाही."

मी शाळेत शिकवते. सकाळी दहाला मी वर्गात असते. आई तेव्हा व्हिजिट व्हिसावर चिपळूणहून आली होती, दिवसभर घरीच असायची. मी किल्ली तिच्याकडे दिली, आकडा कुठं लिहायचा ते दाखवलं आणि शाळेच्या गडबडीत म्हणाले, "जरा काळजी घे हं त्या मूर्तीची." हात लावू नकोस, हे सांगायचं राहून गेलं.

आईनं काळजी घेतली. पाचव्या दिवशी मी घरी आले तर ती प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाली, "किती गं कोरडी पडली होती ती बाई. नुसती पांढरी भुकटी आणि भेगा. लेकरू कडेवर, आणि कुणी तेलाचं बोट लावलं नाही तिला. मी आपलं घरचं खोबरेल लावलं, दोघांनाही." मी धावत समोर गेले. मेरी काळीभोर चकाकत होती. आईनं वापरलेला जुन्या साडीचा तुकडा खुर्चीवर घडी करून ठेवलेला होता आणि त्यावर सगळीकडे निळे कण होते. शेजारच्या कागदावर दहाचे आणि चारचे सगळे आकडे आईच्या वळणदार अक्षरात लिहिलेले होते.

आईला मी काही बोलले नाही. ती चौऱ्याहत्तर वर्षांची, परमुलखात आलेली, आणि आपण काहीतरी चांगलं केलं याचा तिला आनंद झाला होता. काका परतले त्या संध्याकाळी मी दारातच सांगून टाकलं, "काका, माझ्या हातून चूक झाली. मी मूर्तीला तेल लावलं."

त्यांनी बॅग खाली ठेवली. मेरीसमोर उभे राहिले. बराच वेळ झग्याकडे पाहत होते. मग तिला फिरवलं, खिशातली टॉर्च काढली आणि पाठीच्या पोकळीत आतपर्यंत पाहिलं.

"तू नाही लावलंस," ते म्हणाले. "घाईत असलेला माणूस पाठीच्या आत बोट घालत नाही. बाळाच्या कानामागेसुद्धा लावलंय. हे लेकरं न्हाऊ घातलेल्या बाईचं काम आहे. तुझ्या आईचं."

मला रडू आलं. निळा रंग गेला, संग्रहालय गेलं, हे मी बोलून दाखवलं. त्यांचा आवाज चढला नाही. "गेला," एवढंच म्हणाले. चष्मा काढून डोळे पुसले आणि मला म्हणाले, "मावशींना सांगायचं नाही. माझी शपथ आहे."

मग ते आमच्याकडे आले. आईनं विचारलं, "बघितलीत का, परुळेकरभाऊ? तेज आलंय की नाही?" मी खाली मान घालून उभी. काका म्हणाले, "पाठीलासुद्धा लावलंत तुम्ही. ते अजून कुणी केलं नव्हतं." आई म्हणाली, "अहो, पाठच तर कोरडी पडते." काकांनी मान डोलावली आणि तिच्या हातचा चहा घेतला.

संग्रहालयाच्या बाई आल्या, तेव्हा मी मदतीला गेले होते. वाटलं होतं, काका काहीतरी सांभाळून घेतील. त्यांनी बाईंना पिशवीतून ग्लोव्ह्जही काढू दिले नाहीत. "मॅडम, फर्स्ट आय मस्ट टेल यू. कोकोनट ऑइल. लास्ट वीक." बाईंनी तरीही तासभर पाहिलं, फोटो काढले, निघताना काकांचा हात हातात घेतला. आठवड्यानं पत्र आलं. मूळ पृष्ठभाग राहिला नसल्यामुळे स्वीकारता येत नाही. मी चिडून म्हणाले, सांगायलाच हवं होतं का? काका म्हणाले, "अगं, लाकडाबद्दल होतं ते."

मेरी गोधड्यांत गुंडाळून मालवणला गेली. काकांनी तिच्या खोलीत ओलावा शोषणारं यंत्र बसवलं, पण तिथं लाईट जाते ती दोन दोन दिवस येत नाही. वर्षभरातच खांद्यापासून कमरेपर्यंत चीर गेली. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं होतं, "मावशी बऱ्या आहेत ना?"

गेल्या उन्हाळ्यात मी चिपळूणला होते. आईनं माझ्या फोनवरून त्यांना फोन लावायला सांगितला. गुडघेदुखी, आंबे, भावाची तब्येत, सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "आणि भाऊ, आपल्या त्या बाईला तेल लावता ना अधूनमधून?"

फोन स्पीकरवर होता आणि मी आईकडे बघायचं टाळत होते.

"नाही लावत, मावशी," काका म्हणाले. "तुम्ही लावलेलं अजून गेलेलं नाही."