फुलावर आलेलं रान

लोककथा गोळा करायला म्हणून माणूस गावात गेला, की गाव त्याला चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवतं. आणि तोच माणूस दुसऱ्या कुठल्या कामाने गेला, की गोष्टी आपण होऊन त्याच्या झोळीत पडत राहतात. उभं आयुष्य लोकसाहित्याच्या अभ्यासात घालवल्यावर माझ्या हाती लागलेला हा एकमेव सिद्धान्त, आणि तो शोधनिबंधात मांडण्याजोगा नाही.

निवृत्तीनंतर एका परदेशी, अतिमहागड्या फॅशन कंपनीने मला 'सांस्कृतिक सल्लागार' म्हणून घेतलं. त्यांचं वसंत ऋतूचं कलेक्शन निसर्गावर बेतलेलं होतं. कापड बेळगावातल्या वडगावच्या हातमागावर विणायचं, आणि रॅम्पमागच्या पडद्यावर दाखवायची फिल्म निपाणीकडच्या तंबाखूच्या रानात काढायची, अशी योजना. दोन्ही बाजूंचं म्हणणं एकमेकांपर्यंत पोहोचवणं एवढंच माझं काम. त्या कामाने मला जितकं थकवलं, तितकं प्रबंध तपासण्यानेही थकवलं नव्हतं!

त्या दिवसांतले हे काही किस्से. हसण्यासारखे आहेत खरे. पण रानाचे मालक तातोबा यांच्या मुलाचं, दत्तूचं, ठरत आलेलं लग्न त्यांत पणाला लागलं होतं, हे ऐकताना ध्यानात असू द्यावं. शेतकरी मुलाला मुलगी मिळणं आमच्या भागात आता किती अवघड झालं आहे, हे मी सांगायला नको.

*

रॅम्पवरचा वसंत माघाच्या आधीच येतो, म्हणून त्याची तयारी मार्गशीर्षात! बेळगावची थंडी ऐन भरात. विणकर गुरुनाथअण्णांच्या अंगणात कपड्यांची ट्रायल चालली होती. बिनबाह्यांच्या तलम कापडात मॉडेल कुडकुडत उभी, आणि समोर अण्णा स्वेटर, मफलर, कानटोपी अशा पूर्ण बंदोबस्तात.

कंपनीच्या मुंबईच्या समन्वयक रिया मॅडम उत्साहाने म्हणाल्या, "अण्णा, हा वसंत आहे!"

"व्हय काय? मग त्या पोरीला सांगा की वो. तिला अजून कळलेलं न्हाय!"

*

अण्णांनी साडीच्या काठावर विणलेली एक नक्षी कंपनीच्या परदेशी दिग्दर्शकांना फार आवडली. सगळे त्यांना साहेब म्हणत. ही कुठली वेल, असं त्यांनी विचारलं.

"वेल न्हाय वो, गोम हाय ती."

रिया मॅडमनी मोबाइलवर गोमीचं चित्र शोधलं, आणि मोबाइल हातातून सुटला. निसर्गातलं काहीतरी सौम्य हवं, असा निर्णय झाला. अण्णांना तो कळवला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गोम काय कारखान्यात करत्यात?"

अखेर गोम राहिली. पण तिचा अर्थ लिहून द्यायची जबाबदारी माझ्यावर आली. मी प्रामाणिकपणे लिहिलं, "या नावामागचं कारण अज्ञात आहे." छापील पुस्तिकेत त्याचं झालं, "विणकर पिढ्यान्‌पिढ्या कुणालाही सांगत नाहीत, असं प्राचीन गुपित." ते मी अण्णांना वाचून दाखवलं.

"खरं हाय सर. मलाबी कुणी सांगितलं न्हाय बघा!"

*

साहेबांना निसर्गाचा आवाज रेकॉर्ड करायचा होता, तोही मागाशेजारी बसून. अण्णांच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग. त्यांच्या खडखडाटात स्वतःचा खोकलाही ऐकू येत नाही. रिया मॅडम घरोघरी विनवण्या करून आल्या. एकही माग थांबला नाही. आणि एकाएकी सारी गल्ली गप्प झाली! कुठल्याशा आंब्यावरचा बुलबुल ऐकू येऊ लागला. साहेबांनी डोळे मिटले. इथल्या माणसांच्या जगण्यात निसर्ग किती खोल मुरलेला आहे, असं ते भारावून म्हणाले. मी ते निष्ठेने मराठीत सांगितलं.

"करंट गेला की येतोय वो निसर्ग," अण्णा म्हणाले. "मेंटेनन्सच्या दिवशी तर दिसभर असतोय!"

*

आता तातोबांच्या रानाकडे येतो. तंबाखूचं फूल साहेबांनी कुठल्याशा छायाचित्रात पाहिलं होतं: फिकट गुलाबी, लांबट कर्ण्यासारखं. त्यांना अख्खं रान फुललेलं हवं होतं. अडचण अशी, की निपाणीकडे असं रान राखत नाहीत. फुलाने जोर खाल्ला की पान पातळ पडतं. म्हणून कळी दिसताच शेंडा खुडतात. रस्त्याकडेचं रान फुलावर आलेलं दिसलं, की त्या घरात कुणी तरी गेलं आहे आणि माणसं सुतकात बसली आहेत, असं लोक धरून चालतात. हा संकेत मी रिया मॅडमना सविस्तर समजावला.

"सर, किती पोएटिक!"

तातोबांनी केवळ माझ्या भिडेखातर रस्त्याकडेचं रान न खुडण्याचा शब्द दिला. रान फुललं. आणि एके दुपारी पलीकडच्या वाडीतली एक म्हातारी पिठलं-भाकरीची बुट्टी डोक्यावर घेऊन, डोळ्याला पदर लावत आली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही ना! दारात तातोबा उभे.

"अगं बया! तुम्ही हाय व्हय? मग गेलं कोण वो?"

"कुणी न्हाय गं आक्का. शूटिंग हाय."

*

शूटिंग सोमवारी पहाटे ठरलं. आणि घर-रान बघायला सदलग्याहून मुलीकडची मंडळी येणार होती रविवारी.

रविवारी सकाळी तातोबांचा फोन आला. "सर, खुडू का?"

मी रिया मॅडमना विचारलं. "एकच दिवस, प्लीज!"

"असू दे," तातोबा म्हणाले. "शब्द दिलाय म्हंजे दिलाय. पावण्यांना तेवढं तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेली माणसं."

मी गेलो. पाहुण्यांची गाडी बांधाशी थांबली. मुलीचे मामा उतरले, त्यांनी रान पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. अंगणात येऊन सारे मान खाली घालून बसले. तातोबांच्या पत्नीने पोह्यांच्या बशा आणल्या. कुणी हात लावेना.

मी घसा साफ केला. फॅशन, वसंत, रॅम्प, फिल्म असं सारं क्रमाने, उदाहरणांसह मांडलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे घरात धडधाकट माणसं असताना रान फुलू दिलं?"

"हो."

"मुद्दाम?"

"हो."

"त्यापरीस कोण गेलं असतं तर बरं होतं वो!"

मंडळी उठली. तातोबा खांबाला टेकून उभे होते, आणि दत्तू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. एवढ्यात ध्यानात आलं, की मंडळींबरोबर आलेली मुलगी, सुप्रिया, अंगणात नाहीच.

सुप्रियाच्या चपला बांधावर होत्या. नव्या साडीचा पदर कमरेला खोचून ती रानात उभी होती आणि शेंडे खुडत होती. टक्, टक्, टक्. बोटं चिकाने काळी झाली होती.

"सुप्रिया, चल गं!" मामा ओरडले.

"एवढी ओळ हुंदे मामा," ती मान वर न करता म्हणाली.

ती ओळ झाली. तिने दुसरी धरली. थोड्या वेळाने दत्तू मुकाट्याने पलीकडच्या टोकाने रानात शिरला. मामा बांधावर बसले. त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. तातोबांच्या पत्नीने निवलेल्या बशा उचलल्या आणि पोहे गरम करायला आत नेले.

सोमवारी पहाटे साहेब आले, कॅमेरे आले, कुडकुडणारी मॉडेल आली. रानात एक फूल नव्हतं. बांधावर दवाने भिजलेला गुलाबी ढीग.

रिया मॅडमना रडू आवरेना. "तातोबा, शब्द दिला होता तुम्ही! कुणी खुडलं हे?"

तातोबांनी टोपी नीट केली.

"आमच्या सूनबाईनं."