वरून बघणारे शेजारी

भाईंदरला आमच्या चाळीत एक शेजारी होते, सरकारी नकाशांच्या ऑफिसात कामाला. पंचाहत्तरच्या सुमारास तिथे उपग्रहाचे फोटो यायला लागले. खाडी कुठे काठ खातेय, कुठे गाळ टाकतेय, हे ते दिवसभर भिंगातून बघायचे. मग त्यांना सगळंच वरून बघायची खोड लागली. कॅरमचा डाव बघायलासुद्धा स्टुलावर चढायचे. खाडीवर मात्र कधी जायचे नाहीत, इस्त्रीच्या पँटला चिखल लागेल म्हणून.

आमच्या कोळीणमावशीने एकदा विचारलं, "सायब, फोटूत माजं घर दिसतं का?"

"मावशी, तुमची अख्खी आळी एका ठिपक्यात मावते."

"मंग माज्या सासूला दुसऱ्या ठिपक्यात टाका!"

आम्ही हसलो, ते हसले नाहीत. "शेजारचा ठिपका यंदा काळा झालाय. काळं म्हणजे पाणी. मासळी सुकवायचे बांबू मागे घ्या."

"बघू दिवाळीनंतर."

रविवारी खाडीवर गेलो, तर हे महाशय गुडघाभर चिखलात बांबू उपटतायत! सगळे मागे रोवून झाल्यावर, ओळ सरळ आलीय का हे बघायला ते मावशीच्या सासूच्या बाजेवर चढले.

म्हातारी म्हणाली, "आभाळातनं एवढा खाली आलास नं बाबा, मंग आता ऱ्हा की खाली. चाय पी."