जुना पायथन भंगारात काढला तेव्हा

"कल से मत आना," गोपसेठ सुनंदाताईंना सांगत होते, तेवढ्यात मी जिना चढून वर पोचले.

उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमधला जीन्सचा कारखाना. खोक्यांवर लावायचे बारकोड स्टिकर सुनंदाताई कॉम्प्युटरवर छापायच्या. सकाळपासून एकही निघाला नव्हता. खाली टेम्पो उभा, आणि स्टिकर नसलेला माल पार्टी घेणार नव्हती. कॉम्प्युटरसमोर बाई बसते, म्हणजे बिघडवला बाईनेच, हा सेठचा निकाल. चौकशी वगैरे श्रीमंतांचे चोचले असावेत.

मी हेंद्रेपाड्यात राहून असल्या कारखान्यांचे, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारे कॉम्प्युटर सांभाळायचे.

"झालं काय, सेठ?"

"इसने कुछ दबाया होगा."

"मी प्रिंट दाबते," ताई म्हणाल्या. "इथे आल्यापासून तेवढंच दाबतेय."

तेवढ्यात सेठचा मुलगा विकी आला. "टेन्शन नको मॅडम. मी पायथन अपग्रेड करत होतो. पुराना निकाल दिया, पण नया लगता ही नहीं."

पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा. स्टिकरचा प्रोग्रॅम तिच्यातलाच. त्याच्या नव्या आवृत्तीला पायथन २.६ हवा होता, मशीनवर होता २.४.

"काढताना लिनक्सने अडवलं नाही?"

"अडवलं ना! लंबी लिस्ट दाखवली. मग मी नोडेप्स मारलं." हे त्याने पदक मिळाल्यासारखं सांगितलं.

नोडेप्स म्हणजे, यावर कोण अवलंबून आहे ते सांगू नकोस, गप काढ. त्या लिस्टमध्ये यमचं नाव होतं. यम म्हणजे लिनक्सवर नवं सॉफ्टवेअर आणून बसवणारा प्रोग्रॅम. तो स्वतः जुन्या पायथनवर चालतो. विकीने फिटरलाच हाकललं होतं आणि आता फिटर का येत नाही म्हणून तो वाट बघत होता.

गल्लीतली रीतच तशी होती. गाळे चिंचोळे. नवं शिलाई मशीन यायच्या आधी जुनं भंगारवाल्याकडे जायचं, नाहीतर ठेवणार कुठे? विकीने तेच केलं. हार्डडिस्कवर दोघांना पुरून उरेल एवढी जागा होती, पण ते बघायची त्या घरात सवय नव्हती.

"सेठ, हे विकीने केलंय."

"बच्चा है वो."

बच्च्याला दाढी होती. "ताईंना खुर्ची द्या," मी म्हटलं. "उद्या या म्हणून सांगा. मग मी कीबोर्डला हात लावते."

"अरे साईं, ये तो ब्लॅकमेल है!"

"हो."

खाली टेम्पोवाल्याने लांबलचक हॉर्न दिला. सेठने पंख्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं.

"बैठ, सुनंदा. कल टाइम पे आना."

मी बसले. यम मेला तरी आरपीएम जिवंत होता. तो पॅकेज बसवणारा खालच्या पातळीचा प्रोग्रॅम, त्याला पायथन लागत नाही. लिनक्सची इन्स्टॉलची सीडी शोधायला सांगितली. ती चहाच्या कपाखाली सापडली. पुसून घातली, तिच्यातून तोच जुना २.४ परत बसवला. यम उठला.

मग २.६ मूळ कोडपासून वेगळ्या फोल्डरमध्ये बांधला, जुन्याला धक्का न लावता. स्टिकरचा प्रोग्रॅम तरी ओरडला, zlib नाही. ही डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमना लागणारा तयार कोड. यमकरवी तिच्या फाइली आणल्या, पायथन पुन्हा बांधला. मग प्रोग्रॅम बारकोडचं चित्र काढणाऱ्या लायब्ररीसाठी ओरडला. ती जुन्या पायथनकडे होती, पण नव्याला स्वतःची लागते. तीही बसवली.

"आता दाबा," मी ताईंना म्हटलं.

"नक्की? नाहीतर परत माझ्यावर येईल."

"दाबा हो."

प्रिंटर खरखरला. स्टिकर निघाले, टेम्पो गेला. सेठ ताईंना सॉरी म्हणाले नाहीत, पण चहा आला तेव्हा पहिला कप त्यांच्यासमोर ठेवायला सांगितला. मला तो पुरेसा वाटला नाही. ताई मात्र तो शांतपणे प्यायल्या.

निघताना मी रूट पासवर्ड बदलला आणि ताईंना सांगितला. रूट म्हणजे मशीनवर काहीही करायचा अधिकार.

पुढच्या आठवड्यात विकीचा फोन. "मॅडम, पासवर्ड क्या है?"

"ताईंना विचार."

"पूछा. बोलती है, पहले बता, निकालना क्या है."

अपग्रेडचं शिक्षण एवढंच असतं. ताईंचं पूर्ण झालं होतं.