बोटभर समुद्र

दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी चांदभाई भिश्ती भिंगार छावणीतल्या मेसच्या व्हरांड्यात उकिडवा बसून सायकलच्या पंपाने लॉरीच्या ट्यूबमध्ये हवा भरत होता. ट्यूबला रबराची बारीक नळी जोडलेली होती आणि नळीचं दुसरं टोक काचेच्या टाकीत, वाळूत पुरलेलं होतं. तिथून बुडबुडे वर येत. एकदा भरलेली ट्यूब पाऊण तास पुरायची. मग पुन्हा पंप. तारीख होती २० एप्रिल १९४६, वार शनिवार. मेजरसाहेब ईस्टरच्या सुटीला पुण्याला गेले होते आणि सोमवारी परत यायचे होते.

टाकी चार फूट लांब, दोन फूट उंच. तिच्यात मुंबईच्या समुद्राचं पाणी होतं. मेजरसाहेबांना हौस म्हणून त्यांनी ते काचेच्या बुधल्यांत भरून, गवतात बांधून, दौंडवरून रेल्वेने आणवलं. सोबत अकरा पट्टेरी मासे. सोळा दिवसांत सात मेले. उरलेल्या चारांतला एक सकाळपासून आडवा पोहत होता.

पहिल्या तारखेला मेसमध्ये नळ आला होता. सहा भिश्ती होते, पाच जणांना निरोप मिळाला. सहावा चांदभाई. मेजरसाहेबांनी बटलर रशीदमार्फत त्याला सांगितलं होतं की टाकी जिवंत आहे तोवर त्याची जागा आणि चाळीतली खोली त्याच्याकडे राहील. खोलीत तो बावीस वर्षं राहत होता. आता तो त्रेपन्न वर्षांचा होता आणि पाणी वाहण्याखेरीज त्याला दुसरं काम येत नव्हतं. त्या सकाळी त्याच्या बायकोने, बद्रुन्निसाने, खाटेखालची पत्र्याची पेटी बाहेर ओढून ठेवली होती. कर्जतला तिच्या भावाच्या एका खोलीत आधीच नऊ माणसं होती.

चांदभाईने करायचं ते सगळं केलं होतं. उन्हं फिरली की टाकीवर ओलं गोणपाट टाकलं. मेलेला मासा पाण्यात अर्धा तासही राहू दिला नाही. खाणं निम्म्यावर आणलं. आणि पाणी मात्र जसंच्या तसं राखलं. मेसच्या आवारात दोन विहिरी होत्या, एक गोड्या पाण्याची, एक मचूळ. पिण्याचं पाणी गोड्या विहिरीचं, अंघोळीचं आणि घोड्यांचं मचूळ. दोन विहिरींना पाणी वाहायच्या दोन कातडी मसका, आणि एकीचं पाणी दुसरीत कधी जायचं नाही. लहानपणी एकदा त्याने मसका बदलल्या म्हणून वडिलांनी त्याला दिवसभर उपाशी ठेवलं होतं. समुद्र ही त्याच्या हिशेबी तिसरी विहीर होती. झळांनी टाकीतलं पाणी रोज बोटभर उतरायचं. तेवढंच तो शिल्लक बुधल्यांतून भरायचा, काचेवरच्या खडूच्या रेघेपर्यंत. नऊ शिल्लक बुधल्यांतला आता एकच उरला होता. दुसऱ्या पाण्याचा थेंब त्याने टाकीत पडू दिला नव्हता.

साडेतीनला छगन गवळी सायकलला दुपारच्या दुधाच्या दोन किटल्या लावून फाटकातून आत आला.

"काय चांदभाई, किती हायत?"

"चार."

"काल पाच हुते."

चांदभाई पंप मारत राहिला.

रशीद स्वयंपाकघरातून दूध तपासायची काचेची नळी घेऊन आला. खाली शिशाचा फुगा, वर आकडे. दुधात पाणी असलं की ती खोल बुडते, दूध दाट असलं की वर राहते आणि आकडा मोठा दाखवते. त्याने ती किटलीत सोडली आणि डोळे बारीक करून वाचलं. "एकोणतीस. आज वाटेत विहीर लागली नाही वाटतं, छगन."

"रशीदमिया, बारा वर्सं माझ्या दुधात नळी बुडवताय. एकदा त्या समुद्रात बुडवा की. कळू द्या त्याच्यात कुनी पानी घातलंय का."

चांदभाईचा हात पंपावर थांबला. "थेंब घातला नाही मी. कुराणावर हात ठेवून सांगतो."

"तुमाला न्हाई म्हनलं, चांदभाई. गंमत केली."

रशीदने नळी धुतली आणि छगनचं तोंड बंद करायला म्हणून टाकीत सोडली. नळी बुडाली आणि चांगली वर येऊन उभी राहिली.

"पस्तीस," रशीद म्हणाला.

छगन हसायचा थांबला. "पस्तिसाचं दूध म्या जन्मात बघितलं न्हाई."

"दूध कुठंय ते? समुद्र असाच असेल."

"मग त्यो बुधला उघडा. त्यो बी समुद्रच हाय न्हवं?"

बुधल्यातलं पाणी पातेल्यात ओतलं. नळी चोवीसवर थांबली. रशीदने ती काढली, पुसली, पुन्हा सोडली. चोवीस.

"चांदभाई, रोज काय भरता?" छगनने विचारलं.

"हेच. बुधल्यातलं. बोटभर उडतं, बोटभर भरतो."

"उडतंय ते गोडं पानी. मीठ हितंच ऱ्हातंय. त्याच्यावर तुमी पुन्यांदा मीठ वतताय." छगनने किटलीचं झाकण लावलं. "बासुंदी आटवत्यात तसं. आटलं की वर दूध, आटलं की वर दूध. सोळा दिस आटीवलंत तुमी त्यास्नी."

चांदभाई टाकीकडे बघत होता. आडवा मासा आता वाळूला टेकला होता. "म्हणजे मीच," तो म्हणाला.

"मग करायचं काय?" रशीदने विचारलं.

"माजा धंदा करा. पानी घाला."

रशीद हसला. बाकी कोणी हसलं नाही.

नळाच्या पाण्याला औषधाचा वास येत होता, म्हणून ते नको असं चांदभाईच म्हणाला. तो खोलीवर जाऊन गोड्या विहिरीची मसक घेऊन आला. वीस दिवस खुंटीला कोरडी टांगल्याने तिचं कातडं शिवणीपाशी तडकलं होतं. त्याने ती जिन्याखाली टाकली आणि बादली घेतली.

"एकदम वतू नका," छगन जाता जाता म्हणाला. "बिचकतील. वाटीवाटीनं."

चांदभाईने टाकीतून एक बादली पाणी काढलं. मग गोड्या पाण्याची वाटी भरून ती टाकीवर धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. रशीद बघत होता. "अरे, घाल की." चांदभाईने डोळे मिटून वाटी उलटी केली. एक बादली संपायला पस्तीस मिनिटं लागली. मध्येच एकदा पंप मारावा लागला. चार चाळीसला आडवा मासा मेला. त्याने तो झाऱ्याने काढून डब्यात टाकला आणि दुसरी बादली घेतली.

सहा वाजता तीन बादल्या झाल्या. नळी बत्तीसवर आली होती. दोन मासे तळाशी स्थिर होते, तिसरा बुडबुड्यांपाशी वर येऊन तोंड उघडझाप करत होता. हे बरं लक्षण की वाईट, ते मेसमधल्या कोणालाच सांगता आलं नसतं.

"सोमवारी साहेब उतरतील तेव्हा तीन जरी असले..." रशीद म्हणाला.

बद्रुन्निसा फडक्यात भाकरी बांधून आली. व्हरांड्याच्या पायरीपाशीच उभी राहिली. "कित्ते?"

"तीन."

तिने भाकरी पायरीवर ठेवली आणि परत गेली. पेटी खाटेखाली गेली का, हे त्याने विचारलं नाही.

"आज आणखी एक बादली?" त्याने रशीदला विचारलं.

"छगन काय बोलला? हळूहळू. उद्या."

"उद्यापर्यंत राहिले तर."

रशीद स्वयंपाकघरात गेला. तिथे भिंतीवर दगडी पाटी होती आणि रोजच्या कामांच्या वेळा तिच्यावर खडूने लिहिलेल्या असत. वरची ओळ बारा वर्षांची होती: सकाळी साडेपाच, दूध. नळी एकच होती आणि ती आधी दुधात जायची. त्याने त्या ओळीखालची जागा ओल्या फडक्याने पुसली आणि लिहिलं: पावणेसहा, टाकी, एक बादली.