क्रेन ऑपरेटरचा फिट शिक्का

पुरुषांच्या आरोग्याच्या सप्ताहात सौदीतल्या अबकैकच्या आमच्या ऑफिसात निळा केक कापला गेला. साहेबांनी प्रोस्टेटवर दहा मिनिटं भाषण केलं आणि तो शब्द एकदाही उच्चारला नाही. मग आम्हा इंजिनियरांचं रक्त घेतलं. माझा रिपोर्ट चांगला आला.

माझ्या साइटवरचा क्रेन ऑपरेटर सुदानचा, माझ्याच वयाचा. त्याच्यासारख्या कामगार कॅम्पात राहणाऱ्यांपैकी कुणाचंच नाव रक्ततपासणीच्या यादीत नव्हतं. वर्षभर त्याला तासातासाला लघवीसाठी खाली उतरावं लागे. उतरणं टाळायला त्याने पाणी पिणंच कमी केलं, त्या उन्हात.

"तपासून घे," मी म्हणालो.

त्याने खिशातून कंपनीच्या वार्षिक तपासणीचा कागद काढला. कॅम्पातली हिंदी तो झकास बोलायचा. "बघ मुहंदिस, शिक्का! फिट! तुझ्या केकवर होता का असा?"

इंजिनियर म्हणून मी मुहंदिस. कॅम्पात सगळ्यांचीच समजूत, शिक्का बसला की आजार नाही. त्या तपासणीत छातीचा फोटो काढतात, संसर्ग बघतात. म्हणजे या माणसापासून इतरांना काय होईल ते. त्याला स्वतःला काय होतंय, हे कुणी विचारत नाही.

"तुझे वडील कशाने गेले?"

"म्हातारपणाने."

"किती वय होतं?"

"पंचावन्न. लघवी तुंबायची."

मी त्याला खोबर शहरातल्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, "आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर जास्त दिसतो, लवकरही येतो."

"मग यांचं रक्त आधी तपासायला हवं ना?"

"यांच्या विम्यात नुसती तपासणी बसत नाही. त्रास आहे असं लिहून दिलं, तर मंजुरी मिळेल."

वंशाचा दोष सगळ्यांना पाठ होता. विम्याच्या कार्डाचा खालचा वर्ग त्या पाठांतरात नव्हता.

पण त्रास लिहून देणं म्हणजे शिक्का गमावणं, आणि शिक्का गेला की क्रेनही गेली. त्याने शिक्क्याचा कागद काढून टेबलावर ठेवला.

"लिहा," तो डॉक्टरांना म्हणाला. "वडिलांचंही लिहा."

कॅन्सर निघाला, पण अजून ग्रंथीबाहेर पसरलेला नाही. उपचार सुरू झालेत. ऑफिसने लगेच त्याच्या जागी कायमचा दुसरा ऑपरेटर मागवण्याचा अर्ज तयार केला. त्यावर माझी सही लागते; ती झाली की याची नोकरी जाते, नोकरीबरोबर विमाही. सहीसाठी दोनदा आठवणीचा मेल आला, एकदा साहेब स्वतः आले. तात्पुरता माणूस द्या, मी म्हटलं. याचे उपचार संपेपर्यंत माझी सही मिळणार नाही.