गुलाबांच्या मुळाशी घातलेले हॉप्स

धुणं निम्मंच वाळत घालून झालं होतं. नोरीनच्या खांद्यावर ओली चादर होती. मागच्या पायरीवर क्लाइव्ह घरची बिअर उकळायचं मोठं पातेलं घासत होता.

"हॉप्सच्या तयार गोळ्या टाकल्या असत्या तर एव्हाना माझा दुसरा चहा झाला असता," तो म्हणाला. "तुझी फुलं पातेल्याला चिकटून बसतात, वर अर्धी बादली बिअर पिऊन टाकतात."

"गोळ्या कसल्या, कोंबड्यांचं खाद्य दिसतं ते. माझी आई जन्मभर याच खोऱ्यात हॉप्स तोडत होती. कुंपणावर वेल लगडलाय, आणि मी दुकानातून दळून दाबलेला भुसा आणू?"

"आण की."

"मग गुलाबांना काय घालू, तुझं डोकं?"

हे भांडण तीस वर्षांचं. बिअरला कडवट चव देणारी हॉप्सची फुलं उकळून उरली की कोमटच गुलाबांच्या मुळाशी पसरायची, ही नोरीनच्या आईची रीत. आजही तिने तेच केलं होतं. घरात यंदा नवीन होती ती फक्त डचेस, शर्यतीतून निवृत्त झालेली ग्रेहाउंड कुत्री. नोकरी संपल्यापासून क्लाइव्ह आठवडा आठवडा घराबाहेर पडत नसे. दोन महिन्यांपूर्वी डचेस आली आणि तो रोज सकाळी नदीपर्यंत जाऊ लागला.

चादर दोरीवर टाकताना नोरीनला झाडाखाली डचेस दिसली. हवा गार होती, तरी ती भात्यासारखी धापत होती. नोरीनने कानाला हात लावला. कान इस्त्रीसारखा तापला होता. मिशांत हिरव्या पाकळ्या अडकल्या होत्या.

"क्लाइव्ह," ती हळूच म्हणाली, "हिने फुलं खाल्लीत."

क्लाइव्हने प्राण्यांच्या डॉक्टरांकडे फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "हॉप्स? आणि ग्रेहाउंड? ओल्या कपड्यात गुंडाळा आणि आत्ता निघा."

नोरीनने तीच चादर दोरीवरून ओढली.

गाडीत डचेसचं डोकं तिच्या मांडीवर होतं. रोजची प्रार्थना पहिल्या ओळीलाच अडकली, पुढचे शब्द सापडेनात. तान्ही असताना नोरीन याच वेलींच्या सावलीत टोपलीत झोपायची. शांत झोप लागावी म्हणून आईच्या उशीत हीच फुलं असायची. त्यांनी जीव जाऊ शकतो, हे तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

डॉक्टर पोरसवदा होती. बेचाळीस अंश सेल्सिअस ताप पाहून तिने लगेच सलाइन लावलं, अंगावर गार पाणी सोडलं. तासाभराने ताप थोडा उतरला.

"हॉप्स सगळ्याच कुत्र्यांना विष, या जातीला तर जरासुद्धा झेपत नाहीत. संध्याकाळपर्यंत ठेवते. वाचेल असं वाटतंय, पण शब्द देत नाही."

क्लाइव्ह भिंतीला टेकून उभा होता, हातात रिकामा पट्टा. नोरीनला त्याच्याकडे बघवेना.

"पुढच्या वेळी गोळ्याच आण," ती म्हणाली. "मी चकार शब्द काढणार नाही."

डॉक्टरने मान वर केली. "गोळ्यांचा गाळ खाल्ला असता तरी हेच झालं असतं."

क्लाइव्हने पट्टा हाताभोवती गुंडाळला.

"म्हणजे तीस वर्षं आपण भांडलो ते..." क्लाइव्ह म्हणाला.

"नुसतं आवडीनिवडीवरून," नोरीन म्हणाली.

मग नोरीनला आठवलं, शेजारच्या पेनीचा टेरियर कुत्रा रोज दुपारी कुंपणाखालून त्यांच्या बागेत येतो. तिने क्लाइव्हकडून गाडीची किल्ली मागून घेतली. तो डचेसपाशी थांबणार होता. तिला घरी जाऊन, दुपार व्हायच्या आत, गुलाबांच्या वाफ्यातलं एकूण एक फूल वेचून झाकणाच्या पिंपात भरायचं होतं.